चुचुलिगाला परवानगी

"पुढे जाण्यासाठी एंटर दाबा," असं चुचुलिगा म्हणाली, यावोरने एंटर दाबलं आणि एकाएकी तिचा आवाजच उरला नाही. मॉनिटर त्याने मुद्दामच बंद ठेवला होता. प्रोग्रॅम संगणकात बसवणारा सेटअप बांधून झाला की तो असाच तपासायचा, नुसत्या कानांवर. ज्या आंधळ्या माणसांसाठी तो बांधायचा त्यांना पडदा चालू असला काय नि बंद असला काय, सारखंच होतं. इतक्या वर्षांत चुचुलिगा, पडद्यावरचं वाचून दाखवणारा त्यांचा बोलका प्रोग्रॅम, अडखळली होती, बोबडी वळल्यासारखी एकाच अक्षरावर अडून बसली होती, एकदा तर सबंध आठवडाभर तारखा उलट्या वाचत होती. पण गप्प कधी झाली नव्हती. त्याने टॅब दाबला, बाण दाबला, उगाच स्पेस दाबली. खालच्या गल्लीत कुणीतरी गाडी मागे घेत होतं, पलीकडच्या खोलीत लचेझार फोनवर मोठ्याने हसत होता, टेबलाखाली संगणकाचा पंखा फिरत होता. म्हणजे यंत्र जिवंत होतं, फक्त त्याच्याशी बोलत नव्हतं. घरातलं माणूस अबोला धरून बसावं आणि कशाबद्दल तेही सांगू नये, तशी एक बारीक धास्ती त्याला वाटली. तो तसाच काळ्या काचेकडे बघत राहिला. काचेत त्याचा स्वतःचा चेहरा दिसत होता, चष्म्यासकट, आणि तो चेहरा वाट पाहतोय हे त्याला आवडलं नाही.

मग त्याने मॉनिटर लावला. सगळा पडदा राखेसारखा मंद झाला होता, त्यावरच्या खिडक्या पाण्याखाली गेल्यासारख्या दिसत होत्या, आणि मधोमध एक उजळ चौकट उभी होती. एक अनोळखी प्रोग्रॅम तुमच्या संगणकात बदल करू पाहतो आहे. परवानगी द्यायची का? खाली दोन बटणं, हो आणि नाही, आणि खूण नाहीवर. चुचुलिगाला ही चौकट दिसतच नव्हती. ती त्या राखेच्या अलीकडे राहिली होती, इतर सगळ्या प्रोग्रॅमांबरोबर, दाराबाहेर. नव्या ऑपरेटिंग सिस्टिमचा नियमच तसा होता: परवानगी विचारली जात असताना त्या पडद्यावर दुसरं कुणी येता कामा नये, नाहीतर एखादा लबाड प्रोग्रॅम मालकाच्या वतीने हळूच 'हो' दाबून मोकळा व्हायचा. नियमात खोट काढायला जागा नव्हती आणि यावोरला त्याचाच जास्त राग आला. मूर्ख नियमावर माणूस मनसोक्त चिडू शकतो. शहाण्या नियमाखाली चिरडलं गेलं तर चिडायचं कुणावर?

त्याने नियमांची पानं पुन्हा काढली. हिवाळाभर ती तो वाचत होता, म्हणजे वाचतोय असं स्वतःला सांगत होता. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी एक वाट ठेवलेली होती. प्रोग्रॅमने आपण दुसऱ्यांच्या खिडक्यांत डोकावणार आहोत हे आपल्या फायलीत आधीच लिहून दिलं पाहिजे. त्याचा मुक्काम संरक्षित फोल्डरातच पाहिजे. आणि त्याच्यावर कुणा मान्यताप्राप्त कंपनीने दिलेली डिजिटल सही पाहिजे, म्हणजे हा प्रोग्रॅम खरोखर ज्यांचा आहे त्यांचाच आहे असं जगाला कळेल. लिहून देणं सोपं होतं, मुक्काम बदलणंही. सही मात्र त्यांच्यापाशी नव्हती. कशाला असेल? दोन खोल्यांची फर्म, खाली चांभाराचं दुकान, जिन्यात कायम सरसाचा वास. प्लोव्दिवमधल्या, वार्नातल्या, पार रूसेपर्यंतच्या आंधळ्या माणसांना हा आवाज ओळखीचा होता. तो खरा कुणाचा, असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

"शेफे," तो पलीकडे मालकाच्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाला, "ती बोलत नाहीये."

लचेझारने फोनवर हात ठेवला. त्याच्या मनगटावर मार्चच्या सणाचा लालपांढरा दोरा होता, मुलीने बांधलेला, आणि तो आत्ताच मळका दिसत होता. "कोण बोलत नाहीये? माझी तर बोलते. उलट थांबतच नाही."

"चुचुलिगा. परवानगीच्या पडद्यावर."

"मग पडदाच काढून टाक की. ती सोय आहे ना आत कुठेतरी? बंद कर ते परवानगीचं लचांड, सूचनापत्रकात एक ओळ घाल, आधी हे बंद करा, मग आमचं टाका. सगळे तेच करतायत, कोलेगा."

"म्हणजे दाराला कुलूप जमत नाही म्हणून दारच उखडायचं."

"आंधळ्याच्या संगणकातून चोर काय नेणार आहे?" लचेझार म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण त्याने हात हलवून ते वाक्य हवेतून पुसून टाकलं आणि परत फोनला लागला. तो वाईट माणूस नव्हता. आंधळ्या मामासाठी त्याने हा धंदा सुरू केला होता, मामा गेल्यावरही मोडला नव्हता. पण कुठलीही अडचण त्याच्यापाशी नेली की तो ती अशी दोन बोटांत धरून खिडकीबाहेर टाकायचा, आणि ती नेमकी यावोरच्या डोक्यावर पडायची.

दुपारी बिस्त्राचा फोन आला. बिस्त्रा त्यांच्या पहिल्या गिऱ्हाइकांतली. कोर्टांतल्या सुनावण्यांच्या ध्वनिफिती ऐकून टाइप करून देणारा एक ब्युरो होता, तिथे ती काम करायची, एका कानात फीत आणि दुसऱ्या कानात चुचुलिगा. साक्षीदार काय पुटपुटला, वकील कुठल्या शब्दावर खोकला, हे तिच्याइतकं कुणाला ऐकू यायचं नाही. यावोर तिला दोनतीनदाच भेटला होता, पण आवाज इतका ओळखीचा होता की तिने नुसता श्वास घेतला तरी आज तिचं डोकं दुखतंय की नाही ते त्याला कळायचं.

"यावोर, सोमवारी आमच्याकडे नवी यंत्रं येतायत," ती म्हणाली. "सगळी एकदम. नव्या सिस्टिमची."

"माहीत आहे. सगळीकडेच येतायत."

"मला आत्ता कळलं. रांगेल म्हणून नवा पोरगा ठेवलाय यंत्रांसाठी, तो म्हणाला, तुमचं ते बोलकं चालत असेल तर बरं, नाहीतर बघू. हे 'नाहीतर बघू' मला आवडलं नाही रे. हे म्हणताना माणसं माझ्या डोक्यावरून कुणाकडे तरी बघतात, ते मला ऐकू येतं."

"त्याला सांग, परवानगीचा नियम तात्पुरता..."

"लचेझारने सांगितलं तसं विचारलं मी. तो म्हणाला कोर्टाच्या फिती आहेत, नियम बंद करता येणार नाही, करार आहे. अडचण काय आहे ते तरी सांग. मला समजेल असं."

त्याने सांगितलं. ती ऐकत होती, मधूनमधून हुं म्हणत होती. मग एकदम म्हणाली, "एवढंच? मग 'हो' कुठल्या बटणावर आहे तेवढं सांग. पडदा गप्प झाला की मी ते दाबीन. डोळे मिटून दाबीन, मला त्यात काय वेगळं."

ती हसली. तो हसला नाही. बटणांची जोडी त्याला ठाऊक होती, सांगायला क्षणभर पुरला असता, आणि खरं तर सांगून मोकळं व्हावं असं त्याला फार वाटलं. पण तो म्हणाला, "बिस्त्रा, काय विचारलंय ते कळल्याशिवाय..."

"अरे, मला काय रोज कळतं?" ती म्हणाली. "बँकेत बोट धरून सांगतात, इथे सही. लग्नात सुद्धा टाउनहॉलमधल्या बाईने बोट धरलं होतं. नवरा तरी बरा निघाला. मला तत्त्वं नकोत यावोर, मला सोमवारी काम पाहिजे."

फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचाच संताप आला, आणि थोडा तिचाही. तिचा का, हे त्याला धड सांगता आलं नसतं. ती काही मागत नव्हती, उलट तयार होती. तिचं ते तयार असणंच त्याला खुपत होतं. तो खिडकीपाशी गेला. समोरच्या टेकडीच्या उतारावर कुणीतरी गालिचा झटकत होतं. त्या धप् धप् आवाजाबरोबर त्याला एका सरकारी कचेरीतला कॉरिडॉर आठवला, हिरवट तेलरंगाने अर्ध्या उंचीपर्यंत रंगवलेला. तेव्हा शहरात राहायचं तर ओळखपत्रावर परवानगीचा शिक्का लागायचा. वडिलांकडे होता, ट्रक दुरुस्तीच्या कारखान्यातले होते ते. आई डोंगरातल्या गावची, तिच्याकडे नव्हता, आणि लग्न होऊन, मूल होऊन, ते मूल शाळेत जायला लागलं तरी तिला तो मिळाला नव्हता. ती यावोरला घेऊन त्या कॉरिडॉरमध्ये जायची. मूल बरोबर असलं की बरं, असं कुणीतरी तिला सांगितलेलं असावं. भिंतीत एक खिडकी होती, दुधी काचेची. आई कागद आत सरकवायची, काच खाली यायची, आणि मग आतून नुसते आवाज यायचे: टाइपरायटर, कपबशी, दोन बायकांचं हसू. हो नाही, नाहीही नाही. आई उभी राहायची. बाकीचे कंटाळून जायचे, ती जायची नाही; नाही म्हटलेलं नाही तोवर कसं जायचं, असं तिला वाटत असणार. तो तिचा स्कर्ट ओढायचा. त्याला राग यायचा तो त्या काचेचा नाही, आईचा. अशी का उभी राहते ही, हातात पर्स घट्ट धरून, तोंडावर ते हसू ठेवून? तिने ओरडावं, नाहीतर चालू लागावं. पुढे तिला शिक्का मिळाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत शिक्क्यांचा जमानाच गेला. ती त्याबद्दल नंतर कधी बोलली नाही. त्यानेही काढलं नाही. पण तो राग कुठे गेला? तो गेलेला नव्हता. या खोलीत, सरसाच्या वासात, तो ताजा होता, आणि आता तो बिस्त्रावर निघत होता, कारण ती सुद्धा उभी राहायला तयार होती.

सहीसाठी त्याने परदेशातल्या एका कंपनीकडे अर्ज केला होता. खरं म्हणजे तो केव्हाच केलेला होता, आणि तेव्हापासून एक बाई त्याला अतिशय सभ्य पत्रं पाठवत होती. सही देण्याआधी फर्म खरी आहे की नाही हे त्यांना पडताळून बघायचं होतं, आणि फर्म खरी ठरत नव्हती. फर्मचं नावही चुचुलिगाच, आणि तो शब्द रोमन लिपीत कसा लिहावा याबद्दल देशातल्या दप्तरांची तीन मतं होती. नोंदणीच्या उताऱ्यावर तो एका हिज्ज्याने होता. टेलिफोनच्या बिलावर, लचेझारच्या जुन्या पासपोर्टावरच्या नावासारखाच, फ्रेंच वळणाने. आणि बँकेने तर मधली दोन अक्षरं गाळूनच टाकली होती. ही एकच फर्म आहे का, असं त्या बाईंनी विचारलं. एकच आहे, यावोरने लिहिलं. तसा पुरावा आहे का, त्यांनी विचारलं. चंडोल पक्ष्याला आमच्याकडे चुचुलिगा म्हणतात, तो एकच असतो, असं त्याने लिहिलं आणि पाठवण्याआधी खोडलं. शेवटी नोटरीकडून दाखला आणून तिन्ही हिज्जे एका कागदावर आणले, तेव्हा त्या बाईंनी कळवलं की आता फक्त फर्मच्या नोंदलेल्या नंबरावर फोन करून खात्री करायची. तो फोन झालेला होता. तो खालच्या चांभाराने घेतला होता, कारण निर्देशिकेत अजून जुना सामायिक नंबर होता.

"मी काय करू?" चांभार स्तामेन, तोंडातले खिळे हातात घेऊन म्हणाला. "कुणीतरी बाई. परदेशी बोलत होती. चुचुलिगा चुचुलिगा करत होती. मी म्हटलं, बाई, इथे जोडे."

लचेझार हे ऐकून भिंतीला टेकून हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दिवसभर ज्याला भेटेल त्याला तो सांगत होता, बाई, इथे जोडे. यावोरही हसला असता. पण सोमवार जवळ आला होता. तो जिना चढून वर गेला आणि त्या बाईंना पुन्हा पत्र लिहिलं, पुन्हा फोन करण्याची विनंती केली, आणि मग दोन दिवस चांभाराच्या दुकानात, शिलाई यंत्राशेजारच्या स्टुलावर, फोनसमोर बसून राहिला. स्तामेन त्याला चीज भरलेल्या बनित्साचा तुकडा द्यायचा, धान्य आंबवून केलेल्या बोझाचा पेला पुढे करायचा. "खा रे बाबा. लग्नाचा होकार यायचाय अशा थाटात बसलायस." फोन वाजला की यावोर झडप घालायचा, आणि कुणीतरी टाचा झाल्या का विचारायचं. बसल्या बसल्या तो मनात सेटअपच्या पायऱ्या पुन्हा पुन्हा लावत होता. कुठली फाइल आधी, कुठली नंतर, कुठलं पाऊल मालकाच्या हक्काने, कुठलं साध्या माणसाच्या. पूर्वी हे असं नव्हतं. पूर्वी सेटअप म्हणजे नुसतं सामान हलवणं, हे कपाटात, ते फळीवर, कुणी अडवायचं नाही. आता प्रत्येक खोलीच्या दाराशी कुणीतरी उभं होतं, आणि आपण चोर नाही हे सिद्ध करता करता माणसाला आपणच चोर आहोत असं वाटू लागत होतं. शुक्रवारी दुपारी फोन आला. त्याने आपलं नाव सांगितलं, फर्मचं नाव सांगितलं, तिन्ही हिज्जे सांगितले. पलीकडची बाई म्हणाली, आभारी आहोत, तुमचा दिवस चांगला जावो. बस, एवढंच.

सही त्याच संध्याकाळी आली. त्याने ती चुचुलिगावर उमटवली, सेटअप बांधला, मॉनिटर बंद केला, एंटर दाबलं. शांतता. मॉनिटर लावला: तीच राख, तीच चौकट, अनोळखी प्रोग्रॅम. त्याने पुन्हा सही केली, पुन्हा बांधला. सही होती, तपासली तर बरोबर होती. आणि यंत्रात गेल्यावर तीच सही मोडलेली निघत होती. शनिवारची सगळी सकाळ तो हेच करत होता. लचेझार मुलीला घेऊन टेकडीवर जाता जाता डोकावला, "झालं का?" म्हणाला, उत्तराची वाट न बघता गेला. बाराच्या सुमाराला यावोरने कीबोर्ड उचलून टेबलावर आपटला. एक कळ उडून रेडिएटरखाली गेली. ती शोधायला तो गुडघ्यांवर बसला, गाल जमिनीला लावला, आणि तिथे, धुळीत, त्याला अचानक कळलं. सेटअपची शेवटची पायरी. गिऱ्हाइकाचं नाव प्रोग्रॅमच्या फायलीतच लिहायची ती जुनी युक्ती, म्हणजे सुरू होताना चुचुलिगा म्हणायची, नमस्कार बिस्त्रा, नमस्कार अमकं. आंधळ्या माणसांना ते फार आवडायचं. सही केलेल्या फायलीत नंतर एक अक्षर जरी बदललं तरी सही मोडते. चुचुलिगा आपल्या माणसाचं नाव घेत होती म्हणून तिला आत घेत नव्हते. तो उठला आणि ती पायरी काढून टाकली. नाव बाहेर वेगळ्या फायलीत ठेवायची सोय करता आली असती, पण ती करायला आता वेळ नव्हता. त्याने पुन्हा बांधला. एंटर दाबलं. पहिल्यांदा शांतता, ती राहणारच होती. चुचुलिगा नीट आत मुक्कामाला जाईपर्यंत तिच्यासाठी कुणीतरी एकदा 'हो' म्हणावंच लागणार होतं. त्याने 'हो' दाबलं. मग दुसरा एक प्रोग्रॅम मुद्दाम टाकायला घेतला. पडदा मंद झाला आणि त्या मंद पडद्यावरून, जरा घाईघाईत, नेहमीच्या सर्दी झाल्यासारख्या आवाजात, चुचुलिगा चौकट वाचू लागली. नमस्कार नाही, नाव नाही. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला फक्त भूक लागली.

सोमवारी सकाळी तो ब्युरोत गेला. लांब खोली, दोन्ही भिंतींना टेबलं, कानांवर हेडफोन लावलेल्या बायका, प्रत्येकीसमोर नवं काळं यंत्र. बिस्त्रा खिडकीपाशी होती, हात मांडीवर ठेवून, सगळ्यांचा टाइपिंगचा आवाज ऐकत. तिचे हात रिकामे त्याने पहिल्यांदाच पाहिले. रांगेल हा लाल कानांचा, अदबशीर मुलगा होता, त्याला यावोर आल्याचं बरं वाटलेलं दिसलं.

"बाते यावोर, मी प्रत्येकीला तिच्या यंत्राची मालकीण करून ठेवलंय," मोठ्या भावाला सांगावं तसं तो हळूच म्हणाला. "नाहीतर दर परवानगीला मलाच धावावं लागेल."

यावोरने सेटअपची चकती घातली. चकतीवरूनच बोलणारी चुचुलिगा बोलता बोलता तुटली आणि पडदा मंद झाला. बिस्त्राने मान किंचित वाकडी केली, कुत्री वादळाआधी करतात तशी.

"ही ती?" तिने विचारलं. "ही शांतता?"

"हीच. मी दाबतो."

"थांब. वाच मला. सगळं."

त्याने वाचलं. चुचुलिगाचा सेटअप तुमच्या संगणकात बदल करू पाहतो आहे. प्रसिद्ध करणारी फर्म, आणि तिचं नाव, नोंदणीतल्या हिज्ज्याने. स्वतःच्याच फर्मचं नाव असं परक्यासारखं मोठ्याने वाचताना त्याला उगाच लाज वाटली. आजूबाजूच्या दोघी टाइप करायच्या थांबल्या होत्या. बिस्त्रा म्हणाली, "बरं. बटण?" त्याने सांगितलं आणि तिने दाबलं. थोड्या वेळाने चुचुलिगा बोलू लागली आणि बिस्त्राचे हात मांडीवरून उठून कळांवर गेले, इतके आपोआप, जसे ते कधी रिकामे नव्हतेच.

"माझं नाव नाही घेतलं तिने," ती म्हणाली.

"ते... ते काढावं लागलं. पुढे घालीन."

"चालेल. नोकरी आहे, वाढदिवस नाही."

तेवढ्यात रांगेल पुढे झाला. "गोस्पोझा बिस्त्रा, आता एकच छोटं राहिलं, सगळ्यांकडे टाकलंय, तुमच्याकडेच राहिलंय." त्याने वाकून दोन कळा दाबल्या. पडदा मंद झाला. आणि चुचुलिगा, न तुटता, न अडखळता, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी म्हणाली: कर्मचारी कार्यनोंद, कळ, विराम आणि पडदाचित्र नोंदवणारा प्रोग्रॅम, प्रसिद्ध करणारी फर्म अनोळखी. परवानगी द्यायची का? हो. नाही. आता नाहीवर आहात.

"काय नोंदवणारा?" बिस्त्राने विचारलं.

रांगेलचे कान आणखी लाल झाले. "काही नाही हो, मोजतं ते. किती वेळ काम, किती वेळ... म्हणजे थांबलेलं. तुम्ही नुसतं 'हो' दाबा. सगळ्यांनी दाबलंय."

"कशाला दाबलंय आम्ही?" पलीकडच्या टेबलावरची जाडजूड बाई हेडफोन उतरवत म्हणाली. "सकाळी तू म्हणालास, हे दाबा, हेही दाबा. कसलं पडदाचित्र?"

"चौकटीत लिहिलं होतं..."

"चौकट कोण वाचतंय!"

आता आणखी हेडफोन उतरत होते. ही आपली भानगड नव्हे, आपण निघावं, असं यावोरला वाटत होतं, आणि पाय निघत नव्हते. त्याने बिस्त्राच्या कानाशी वाकून सांगितलं, "बिस्त्रा, बघ हं. तुझी नोकरी." ती हळूच म्हणाली, "ऐकलं मी," आणि बटणावर बोट ठेवून क्षणभर थांबली. त्या क्षणात तिच्या चेहऱ्यावर धैर्यबिर्य काही नव्हतं, उलट ती घाबरलेली दिसत होती. ओठाचा कोपरा आत ओढलेला, गळ्याची शीर उडत असलेली. मग तिने एंटर दाबलं. नाहीवर होतीच ती.

"परवानगी नाकारली," चुचुलिगा म्हणाली.

रांगेल ब्युरोच्या प्रमुख गोस्पोझा शिश्कोवांना बोलवायला गेला. त्या आल्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला, एका हातात कॉफी. त्यांनी एकदा बिस्त्राकडे, एकदा खोलीभर उतरलेल्या हेडफोनांकडे बघितलं. "कुणाला काही अडचण?" त्यांनी विचारलं. जाडजूड बाई म्हणाली, अडचण नाही, फक्त हे काय टाकलंय ते आम्हालाही वाचून दाखवा. कुणीतरी हसलं, मग कुणीच नाही. शिश्कोवाबाईंनी कॉफीचा घोट घेतला, रांगेलकडे असं बघितलं की तो पोरगा भिंतीत शिरायला तयार झाला, आणि म्हणाल्या, "ठीक. याच्यावर बोलू. आता फिती पडल्यात, कामाला लागा. बिस्त्रा, तूही." आणि गेल्या. पुढे काय होणार ते त्यांच्या पाठीवरून कळण्यासारखं नव्हतं. बिस्त्राने फीत कानात घातली. तिची बोटं चालू लागली, थोडी वेडीवाकडी, मग नीट. यावोर शेजारी उभा होता. आता तो तिथे कशाला उभा आहे हे कुणालाच कळत नव्हतं, त्यालाही नाही, म्हणून त्याने चकती खिशात घातली आणि खाली आला.

रस्त्यावर ऊन होतं, बेकरीसमोर रांग होती. फोन वाजला. लचेझार.

"काय रे, झालं? चाललं?"

"तिने 'नाही' दाबलं, शेफे."

"नाही दाबलं? म्हणजे चालत नाही? अरे देवा, मी काल तीन लोकांना सांगून बसलोय की..."

"चालतंय," यावोर म्हणाला. "चालतंय, म्हणूनच तर दाबलं तिने." पलीकडे लचेझार आणखी काहीतरी विचारत होता, यावोर फोन कानाला धरून तसाच रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.